कागद एकाच अंगानं वळतो

हे पुस्तक कात्रीनं वाचायचं आहे. शेवटचं विमान पुरं होईल तेव्हा याची बहुतेक पानं संपलेली असतील आणि त्यांच्या जागी सहा जुनी विमानं कपाटावर उभी असतील : पस मॉथ, वॅपिटी, डाकोटा, कॉन्स्टेलेशन, नॅट आणि मिग-२१. पुस्तकाचं पान फाडू नये, हे कार्यानुभवाची शिक्षिका म्हणून मी वर्षानुवर्षं वर्गावर सांगत आले. या एका पुस्तकापुरता तो नियम मीच मागे घेते आहे, आणि घेताना मला अगदी मोकळं वाटतं आहे.

कागदी विमान म्हटलं की वहीचं पान, चार घड्या आणि मागच्या बाकावरून फळ्याकडे सुटलेलं ते टोकदार पाखरू आठवतं. तो खेळ मला प्रिय आहे, पण इथल्या विमानांचं कूळ वेगळं. ही खऱ्या विमानांची मापाबरहुकूम केलेली रूपं आहेत. एकेक भाग कागदावर सपाट छापलेला असतो. तो कापायचा, घडीच्या रेघा दाबून घ्यायच्या, वळवायचा, चिकटवायचा. पहिल्यांदा बघणारं प्रत्येक मूल एकच विचारतं, "बाई, हे उडतं का?" नाही, उडत नाही. मग करायचं कशाला? या प्रस्तावनेत मला त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, आणि त्यासाठी आधी संगमनेरातल्या आमच्या ओट्यावर जावं लागेल.

आमच्या गावात विड्या वळणारी घरं मोजायला निघालं तर गल्लीमागून गल्ली जाईल. माझी आई त्यातलीच. दुपारी मांडीवर सूप, सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, कोपऱ्यात तंबाखू, कात्री, दोऱ्याचं रीळ आणि पान कापायचा पत्र्याचा साचा. साचा ठेवण्याआधी ती पान उजेडाकडे धरून शिरा कुठं जातात ते बघायची. मग कात्रीचे चार फटके, चिमूटभर तंबाखू, आणि दोन्ही अंगठ्यांनी एकदाच पुढे लोटलं की विडी वळून तयार. एक टोक बारीक, दुसरं जाड. तोंड नखानं आत दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि पुढचं पान उचलायचं.

माझं पहिलं कागदी विमान मी डी.एड.च्या सुट्टीत याच ओट्यावर बसून केलं. पंखाखालच्या तिरक्या दांडीसाठी कागदाची बारीक नळी हवी होती. खराट्याच्या काडीभोवती मी कागद गुंडाळत होते आणि दर वेळी त्याला आडव्या मोडी पडत होत्या. आईनं हातातलं काम थांबवलं, माझा कागद घेतला, एकदा उभा आणि एकदा आडवा हलकेच वाकवून पाहिला आणि म्हणाली, "हा या अंगानं वळतोय. तू त्याला त्या अंगानं कशाला वळवतेस?" कागद फिरवून तिनं काडीवर ठेवला, अंगठ्यानं लोटला, आणि नळी झाली. आई जन्मात विमानात बसली नव्हती. पण हे पुस्तक ज्या एका गोष्टीवर उभं आहे ती मला तिनं त्या दुपारी शिकवली.

कागदाला उभं-आडवं असतं. गिरणीत लगदा पळत्या जाळीवर पडतो, त्यामुळे त्यातले तंतू जाळी पळते त्या दिशेला लांब होऊन बसतात. तयार कागद त्या तंतूंना समांतर सहज वळतो, त्यांच्या आडव्या दिशेनं वळवायला गेलं की कुरकुरतो आणि मोडतो. हातकागदाचं असं नसतं. कागदी कारागीर साचा लगद्यात बुडवून बाहेर काढतो आणि दोन्ही बाजूंना हलवतो, त्यामुळे तंतू एकमेकांत गुंततात आणि कागद जवळपास सगळीकडे सारखाच वागतो. चंदनापुरीचा घाट ओलांडून पुण्याच्या वाटेला लागलं की नारायणगावाहून ज्या जुन्नरला फाटा फुटतो, तिथला कागद पेशवाईत नावाजलेला होता. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याची परंपरा त्याहून जुनी सांगतात. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था निघाली ती गांधीजींच्या प्रेरणेनं. कागद ही बाजारातून आणायची वस्तू आहे एवढंच माहीत असलेल्या मुलांना हे मी मुद्दाम सांगते. आपल्या मुलखात कागद हातांनी घडत होता, आणि तो हातांनीच ओळखायचा असतो.

आता त्या एका गोष्टीकडे येते. कागद एका वेळी एकाच अंगानं वळतो. त्याची नळी होते, शंकू होतो, पेटी होते. चेंडू होत नाही. संत्र्याची साल सपाट करायला जा, ती फाटते. उलट, सपाट कागद संत्र्यावर बसवायला जा, त्याला चुण्या पडतात. पण त्याच एका अंगाच्या वळणात कागदाची ताकद आहे. कागदाची सरळ पट्टी एका टोकाला धरली तर मान टाकते, तिला लांबीच्या बाजूनं किंचित पन्हळ द्या, ताठ उभी राहते. आपल्या घरावरच्या पन्हळी पत्र्याचं गुपितही हेच. जर्मनीतल्या युंकर्सच्या कारखान्यानं तर असाच पन्हळी पत्रा वापरून अख्खी विमानं बांधली.

आणि जुनी विमानं कागदात इतकी खरी का उतरतात, याचं उत्तर इथेच आहे. १९२० आणि १९३० च्या दशकांतली विमानं बहुतांशी सपाट वस्तूंपासूनच घडवलेली होती. लाकडाच्या किंवा नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणायचं आणि त्यावर डोप नावाचं रसायन चढवायचं. डोप वाळताना कापड आवळून घेतं, शेकल्यावर डफ आवळतो तसं. शाहीर अनंत फंदीच्या आमच्या संगमनेरात ही उपमा कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कापडही कागदासारखंच सांगाड्याच्या एका फासळीवरून दुसरीकडे सरळ जातं. म्हणून पस मॉथचा पंख तुम्ही कागदाचा करता तेव्हा तुमची बोटं जवळपास त्याच क्रमानं चालतात ज्या क्रमानं इंग्लंडमधल्या डी हॅविलंडच्या कारागिरांची चालली असतील : आधी कणा, मग फासळ्या, मग वरून आवरण, आणि पुढच्या कडेला एकच गोल वळण. प्लास्टिकच्या संचात पंख साच्यातून तयार होऊन येतो. तो जोडता येतो, पण विमान कसं बांधतात ते त्यातून कळत नाही. मुलांना माझं उत्तर हे असतं. हे उडत नाही, पण उडणारं कसं केलं ते हातांना सांगतं.

सहांपैकी पहिलं विमान पस मॉथ असण्याला कारण आहे. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून याच जातीच्या विमानानं एकटे निघाले. इम्पीरियल एअरवेजनं विलायतेहून कराचीपर्यंत आणलेली टपाल त्यांच्यासोबत होती, साधारण २५ किलो. अहमदाबादला उतरले तेव्हा इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी ते मुंबईत जुहूला पोचले. तिथून पुढे टपाल घेऊन नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. एका अर्थी या देशातल्या हवाई वाहतुकीचा जन्म त्या दिवसाचा. पुढे पावसाळ्यात जुहूची चिखलणी झाली की विमानं पुण्याला येरवड्याच्या मोकळ्या पटांगणावर उतरत, तुरुंगाच्या भिंतीजवळ. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी तोच प्रवास लेपर्ड मॉथ या पस मॉथच्या धाकट्या भावंडातून पुन्हा केला.

बैलगाडीतून आलेलं इंधन ही गोष्ट मुलांना सर्वांत जास्त आवडते. एका मुलानं पस मॉथच्या शेजारी ठेवायला काडेपेटीची बैलगाडी केली, ती अजून माझ्या कपाटात आहे.

पस मॉथला शरीर म्हणून एक लांबट पेटी आहे. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड. पंख डोक्यावर, त्यांना खालून तिरक्या दांड्यांचा आधार, आणि ते मागे दुमडता येतात. वैमानिक आणि प्रवासी बंद खोलीत, तोंडावर वारा नाही. त्या काळी हा मोठा आराम होता. खरा पंखपसारा ११.२ मीटर, लांबी ७.६ मीटरच्या आसपास. आपण १:३३ या प्रमाणात करतो आहोत, म्हणजे पसारा सुमारे ३४ सेंटिमीटर आणि लांबी २३. ए-४ कागदावर पंख अख्खा मावत नाही, म्हणून तो दोन भागांत दिला आहे आणि मधला जोड छताखाली लपवला आहे.

वॅपिटी इथे का, असं विचारणाऱ्यांना मी दोन तारखा पुढे करते. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची, म्हणजे जेआरडींच्या उड्डाणाच्या बरोबर एक आठवडा आधीची. १ एप्रिल १९३३ ला त्या दलाची पहिली तुकडी उभी राहिली, तीही ड्रिग रोडलाच, चार वेस्टलँड वॅपिटींवर. टपाल आणि पलटण, दोघांचं बाळपण एकाच माळावर गेलं. वॅपिटी दुहेरी पंखांचं, तारांनी आवळलेलं विमान आहे. तारांसाठी आईच्या रिळाचाच दोरा वापरते. त्याला मेण लावलं की धागे उसवत नाहीत.

कागदी प्रतिकृतींची कला आपल्याकडे उशिरा आली. युरोपात चित्रांचे कापायचे ताव फार पूर्वीपासून छापले जात. जर्मनीत एसलिंगेनच्या श्रायबर या १८३१ सालच्या छापखान्यानं पुढे त्यात मोठं नाव कमावलं. पण कागदी विमानांना खरा बहर आणला तो महायुद्धानं. धातू, रबर, बाल्सा लाकूड सगळं लढाईच्या कामी लागलं. बाल्सा तराफ्यांत जात होतं, मॉस्किटो विमानांत जात होतं. मुलांच्या हातात उरला कागद. अमेरिकेत १९४४ साली व्हीटीज नावाच्या नाश्त्याच्या खोक्यांच्या झाकणांच्या बदल्यात कागदी लढाऊ विमानं मिळू लागली. त्यांची आखणी वॉलिस रिग्बी या गृहस्थांनी केली होती. नाकात वजन म्हणून एका सेंटचं नाणं चिकटवायचं, म्हणजे ती तरंगतही. इंग्लंडमध्ये मायक्रोमॉडेल्सची पोस्टकार्डाएवढी पत्रकं निघाली आणि सिगारच्या पेटीत मावेल असं वर्कशॉप अशी त्यांची जाहिरात असे. ती वाचली तेव्हा मला आईचं सूप आठवलं. कारागिराची सगळी जागा मांडीवर मावते, हे दोन्हीकडे तितकंच खरं.

युद्धानंतर पोलंडनं ही कला उचलून धरली. तिथं १९५७ पासून 'मावी मोदेलाश' म्हणजे 'छोटा मॉडेलकार' हे नियतकालिक निघू लागलं. महिन्याच्या अंकात एक विमान, जहाज किंवा रणगाडा. छपाई साधी, किंमत कमी, आणि आखणी अशी की वरवर बघणाऱ्याला वाटावं हे कागदाला शक्य नाही. १:३३ हे प्रमाण तिथंच रुळलं. ही जुनी पत्रकं आज माझ्याकडे आहेत. काही अंक पिवळे पडले आहेत, कडा चुरतात, म्हणून मी मूळ पान कधी कापत नाही, त्याची प्रत काढते. जपानमध्ये यासुआकी निनोमिया या अभियंत्यानं दुसरी शाखा वाढवली. १९६७ च्या जागतिक कागदी विमान स्पर्धेत त्यांनी बक्षीस मिळवलं आणि नंतर मुलांच्या विज्ञान मासिकातून वर्षानुवर्षं उडणाऱ्या विमानांचे नमुने दिले. त्यांची विमानं उडतात, माझी उभी राहतात. दोन्ही वाटा कागदाच्या वळणापासूनच निघतात.

आपल्याकडे या कामाचं सर्वांत जवळचं नातं अरविंद गुप्तांच्या खेळण्यांशी आहे. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्तमानपत्र, काडेपेटी, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून विज्ञान उभं केलं. मी त्यांच्या पुस्तकांवरच शिकले. फरक इतकाच की त्यांचं खेळणं एक तत्त्व दाखवतं आणि दहा मिनिटांत होतं. आपल्या विमानाला पंधरा दिवस लागतात, आणि त्यात एका काळाची कारागिरी जपलेली असते. पंधरा दिवस एका वस्तूपाशी बसायची सवय मला मुलांमध्ये हवी आहे, हे मी उघडपणे कबूल करते.

आता मिगकडे. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठी उभा राहिला. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण आदल्याच वर्षी नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. मिगचं इंजिन ओडिशात कोरापुटला, उपकरणं हैदराबादला, आणि अंग आपल्या ओझरला. ओझर संगमनेरपासून काही फार लांब नाही. आमच्या लहानपणी आकाशात आवाज आधी जायचा आणि मान वर करेपर्यंत विमान दिसेनासं झालेलं असायचं. गल्लीतली सगळी पोरं ओझर म्हणून ओरडायची. पुढे त्याच कारखान्यात मिग-२७ आणि सुखोई-३० बांधली गेली. मिग-२१ नं २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाचा निरोप घेतला. बासष्ट वर्षं ते सेवेत होतं.

कागदाच्या दृष्टीनं मिग-२१ सोपं आहे, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. त्याचं अंग म्हणजे जवळजवळ सरळ नळी, पुढे उघडं तोंड, तोंडात शंकू. पंख त्रिकोणी आणि पातळ. पसारा ७.१५ मीटर, म्हणजे आपल्या प्रमाणात २२ सेंटिमीटरही नाही. नॅट त्याहून चिमुकलं. त्याचा पंख ए-४ च्या रुंदीत मावतो. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर एकट्यानं झुंज देणारे निर्मलजीत सिंग सेखों, हवाई दलाचे एकमेव परमवीरचक्र विजेते, नॅटमध्येच होते. ते विमान हातात घेतलं की कुणाच्याही तोंडून निघतं, एवढंसं होतं?

उलट डाकोटा. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख पलटणीच्या जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलेलं हे विमान आपल्या प्रमाणात ८८ सेंटिमीटर पंखांचं होतं. घरात ठेवायला त्याला दाराची चौकट लागते. म्हणून पुस्तकात ते अर्ध्या प्रमाणात दिलं आहे.

सर्वांत अवघड कॉन्स्टेलेशन. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं, ते या जातीचं. दोनच वर्षांनी, ३ नोव्हेंबर १९५० ला, ते माँ ब्लाँवर आदळलं आणि त्यातले सगळे ४८ जण गेले. अजूनही तिथली हिमनदी वितळताना त्याच्या खुणा वर येतात. मी हे विमान करायला घेते तेव्हा पहिला अर्धा तास हातात कात्री धरवत नाही.

अवघड अशासाठी की कॉन्स्टेलेशनचं अंग माशासारखं आहे. नाकापासून शेपटीपर्यंत प्रत्येक कड्याचा घेर वेगळा आणि मधली रेषाही वाकलेली. कागद याला थेट नाही म्हणतो. मग अंगाचे बारीक बारीक पट्टे करायचे, प्रत्येक पट्टा म्हणजे कापलेला शंकू, आणि आत जाड पुठ्ठ्याच्या चकत्या. पट्टे जितके अधिक तितकं वळण खरं, आणि तितकेच जोडही अधिक. मी पंधरा पट्ट्यांवर थांबले. गोव्याला दाबोळीजवळच्या नौदलाच्या हवाई संग्रहालयात याचं मोठं भावंड, सुपर कॉन्स्टेलेशन, उघड्यावर उभं आहे. एअर इंडियाच्या सेवेतून ते सैन्याकडे आलं. त्याच्या पोटाखाली उभं राहून वर पाहिलं तर पत्र्याच्या पट्ट्यांचे जोड दिसतात, एकामागून एक. कारखान्यातल्या लोकांनीही पत्र्याला तसंच समजावून घेतलं होतं. महाराष्ट्रातून गोव्याला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबानं समुद्रावरून उठून तासभर तिथं जावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण आता विमान आपल्याला दिसतं ते खालूनच. शिर्डीजवळच्या काकडीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला आणि आमच्या मुलांना विमानं रोज दिसू लागली. शिर्डीला उतरणाऱ्या विमानाचं पोट आणि चाकं त्यांना ओळखीची आहेत. पाठ, शेपटीचं मूळ, पंख अंगाला जिथं मिळतो ती बगल कुणी पाहिलेली नसते. कागदी विमान हातात उलटंपालटं होतं, आणि मुलं सर्वांत जास्त वेळ त्या बगलेकडेच बघत बसतात.

कामाच्या दोन-चार गोष्टी इथंच सांगते, कारण पुढच्या पानांवर आकृत्याच बोलतील.

कागद १६० ते २०० जीएसएमचा घ्या. जुन्या लग्नपत्रिका आतल्या चकत्यांसाठी उत्तम, त्या जाड असतात आणि घरोघरी पडलेल्या असतात. घडीची रेघ संपलेल्या रिफिलनं पट्टी धरून दाबायची, ब्लेडनं नाही. डिंक पातळ नको. आमचे जुने बाइंडर खळ वापरत आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकत. मोरचूद विषारी आहे, लहान मुलांच्या घरात नको. पांढरा डिंक बोटाच्या टोकावर तांदळाएवढा घेतला तरी पुरतो. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात, त्यांवर रंगीत पेन्सिल फिरवून घ्या. या एका कामानं मॉडेलचं वय दहा वर्षांनी वाढतं, मुलांना तसं सांगितलं की ती ते न विसरता करतात.

आणि प्रत काढताना सावध राहा. एकदा मी एका दुकानात पोलंडच्या जुन्या पत्रकांच्या प्रती काढायला दिल्या. चार पानं एकाच वेळी दिली होती, पण मशीननं दोन पानं कागदात बसवण्यासाठी किंचित लहान केली, दोन तशीच सोडली. डोळ्याला काही कळलं नाही. अंग पुरं झालं आणि पंख त्याच्या खाचेत जाईना. दोन आठवडे मी स्वतःच्या कात्रीला दोष देत होते. म्हणून या पुस्तकाच्या प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पाच सेंटिमीटरची रेघ छापली आहे. प्रत काढलीत तर आधी तिला पट्टी लावा. ती बरोबर पाच भरली नाही तर कापू नका.

पावसाळ्याचंही बोललं पाहिजे. कागद हवेतली ओल पितो आणि पंख दोन दिवसांत वाकतात. अकोले तालुक्याकडच्या डोंगरात पाऊस रेंगाळतो आणि आमच्याकडे येईपर्यंत विरळ होतो, ही आमच्या तालुक्यासाठी दुःखाची गोष्ट आहे, पण या एका कामात ती उपयोगी पडते. कोकणात किंवा मुंबईत असाल तर काम दिवाळीनंतर सुरू करा. करून झालेल्या विमानाला पातळ वॉर्निशचा हात दिला तर ते बरंच टिकतं.

सुरुवात पस मॉथपासूनच करा, दुसऱ्या कुठल्याही विमानापासून नको. आणि त्यातही अंगापासून नव्हे. पहिल्या पानाच्या उजव्या कडेला नखाएवढे दोन लांबट तुकडे आहेत, ते आधी कापा. चाकांच्या दांड्यांवर बसणारी ती आवरणं आहेत. पस मॉथचं अंग इतकं निसटतं होतं की उतरताना ते जमिनीवरून तरंगत पुढेच जाई. म्हणून वैमानिक ही आवरणं आतून नव्वद अंशांत फिरवायचा, त्यांची रुंद बाजू वाऱ्याला आडवी यायची आणि विमान मंदावायचं. चिकटवताना आवरणाची कड कडेलाच चिकटवा, आतल्या दांडीला डिंक लागू देऊ नका. वाळल्यावर नखानं हलकेच ढकलून बघा. ती फिरली पाहिजेत.